दीडशेचा टायर

आमची लेक नववीत. कुर्ल्याच्या नेहरूनगरातून चुनाभट्टीला क्लासला सायकलने जाते. गेल्या जूनमध्ये सायकलचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते. पंक्चरवाले चाचा म्हणाले, "ताई, कंपनीचा साडेतीनशेला, साधा दीडशेला." वह्या, रेनकोट, क्लासची फी... जून महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको! दोन्ही साधेच घातले आणि ४०० रुपये वाचवल्याच्या आनंदात घरी आले.

ऑक्टोबरात पुढच्या टायरला कडेला फुगा आला. लेक म्हणाली, "आई, चाक उड्या मारतंय गं." म्हटलं, रविवारी बघू. शुक्रवारीच तो फुटला आणि वळणावर सायकल घसरली. हनुवटीला तीन टाके पडले. मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून... पुढचं लिहवत नाही.

चाचांनी तो टायर उलटा करून दाखवला. रबराच्या आत दोऱ्यांचा थर असतो, हवेचा सगळा ताण तोच पेलतो. स्वस्तातल्या टायरमध्ये तो बऱ्याचदा कच्चा असतो. वरची नक्षी झिजण्याआधीच आतले दोरे तुटतात आणि ट्यूब तिथून बाहेर फुगते. फुगा दिसला की त्याच दिवशी टायर बदलायचा. मला हे आधी ठाऊक असतं तर!

मग स्वस्त टायर घेऊच नये का? तसंही नाही. धाकट्याच्या २० इंची सायकलला मी साधाच घातलाय. तो सोसायटीच्या आवारातच फिरतो आणि दोन वर्षांत ती सायकल त्याला लहान होणार. मोठ्या रस्त्यावरच्या सायकलचं मात्र वेगळं. मागच्या चाकावर वजन जास्त, ते आधी झिजतं. पण पुढचं फुटलं तर हँडल सावरत नाही. एकाच चांगल्या टायरचे पैसे असतील, तर तो पुढे घाला.

घेताना कड दुमडून बघा. बारीक चिरा दिसल्या तर दुकानाबाहेर उन्हात टांगून वाळलेला माल समजा. मापही नीट वाचा. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५, दोन्हीवर २६ असलं तरी एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. आणि हवा! कमी हवेवर दामटली तर महागातलाही टायर कडेने चिरतो.

माझे बाबा स्वदेशी मिलमध्ये होते. २००० साली मिल बंद पडली, तोवर सायकलनेच कामावर जायचे. फाटक्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावून महिनेच्या महिने काढायचे, पण दर रविवारी अंगठ्याने दाबून हवा बघायचेच. आता ते काम लेकीकडे आहे. तिचा पुढचा टायर ३५०चा. मागचा अजून तोच, दीडशेचा. फुगा नाही आलेला. रोज संध्याकाळी चाक फिरवून बघते मी.