मॉड : आवृत्तिसुसंगती

संगणकीय खेळात नवी दृश्ये, पात्रे वा नियम घालण्यासाठी बहुधा खेळणाऱ्यांनीच तयार केलेल्या पूरक भागास ‘मॉड’ म्हणतात. मॉड ज्या आवृत्तीसाठी रचलेला असतो, तिच्याशी तो जुळतो. दुसरीशी जुळेलच असे नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज स्थानकात १९७१ नंतर काही दशके रुंदमापी, मीटरमापी व अरुंदमापी असे तिन्ही लोहमार्ग एकत्र येत. एका मापाचा डबा दुसऱ्यावर चालत नसल्याने माल उतरवून पुन्हा भरावा लागे. मॉडचेही तसेच आहे. मात्र विसंगतीचे प्रमाण त्याच्या रचनेवर अवलंबून असते. केवळ चित्रे बदलणारा मॉड नव्या आवृत्तीत बहुधा टिकतो. परंतु खेळाच्या आज्ञावलीतील स्मृतिपत्त्यांवर विसंबणारा मॉड ते पत्ते बदलताच निरुपयोगी ठरतो. ‘स्कायरिम’ या खेळाची आज्ञावली नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलली, तेव्हा असे अनेक मॉड बंद पडले व ते नव्याने सिद्ध करावे लागले. बंद पडलेला मॉड काढून टाकल्यास त्यावर आधारलेला, जतन केलेला डावही बिघडू शकतो. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी डावाची प्रत काढून ठेवणे, स्वयंचलित अद्ययावतीकरण थांबविणे आणि मॉडवर नोंदलेला आवृत्तिक्रमांक ताडून पाहणे इष्ट असते.