आठ जीबीतले दोन गेले कुठे?

सेकंडहँड लॅपटॉप घेतला, घरी आणला, हौसेने सेटिंग्जमधलं सिस्टिमचं पान उघडलं आणि डोकंच फिरलं! रॅम ८ जीबी, पण कंसात लिहिलेलं: वापरता येण्याजोगी फक्त ५.८८. प्रोसेसरचं तर विचारूच नका. ३.७ गिगाहर्ट्झ सांगून विकलेला, टास्क मॅनेजरमध्ये जेमतेम १.४! रात्रभर भांडणाची रिहर्सल केली आणि सकाळी थेट लॅमिंग्टन रोड गाठला.

दुकानातल्या काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘ताई, चोरी नाही झालेली. वाटणी झालीय.’’

वाटणी अशी, की स्वस्त लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. स्क्रीनवरचं चित्र रंगवायला लागणारी मेमरी मग आपल्याच रॅममधून बाजूला काढली जाते. माझ्याकडे तो वाटा २ जीबीचा होता. जुन्या ३२ बिट विंडोजचं दुखणं वेगळं. तिथे पत्तेच मुळी ४ जीबीपुरते आणि त्यातलेही काही ग्राफिक्ससारख्या भागांसाठी राखीव. म्हणून ४ जीबी बसवली तरी तीन-साडेतीनच दिसायची. ६४ बिट आलं आणि ती कटकट मिटली.

आणि स्पीड? गाडीचा टॉप स्पीड १८० असला तरी सिग्नलला आपण काटा शून्यावरच बघतो ना? तसंच हे. काम नसलं की बॅटरी वाचवायला आणि गरम होऊ नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. ३.७ हा त्याचा थोड्या वेळापुरता कमाल वेग. काकांनी चार्जर लावला, एक जड व्हिडिओ एडिटिंगला घेतला आणि आकडा सरसर चढला!

मग भांडायचं कधी? कंसाबाहेरचा, म्हणजे बसवलेल्या रॅमचा आकडाच ८ ऐवजी ४ दिसला, तर एक पट्टी सैल आहे किंवा बसवलेलीच नाही. चार्जर लावून जड काम दिलं तरी वेग हलत नसेल, तर आत धूळ साचलीय का, चार्जर कमी ताकदीचा आहे का, ते तपासून घ्या. आणि मंडळी, ही दोन मिनिटांची तपासणी पैसे देण्याआधीच, दुकानातच उरका.

मी मात्र एका सज्जन माणसाला चोर म्हणायला निघाले होते. ‘सॉरी काका’ म्हणाले, तर त्यांनी कटिंग मागवला.