१९६६ पासून वाढत आलेला लाभांश

कोरोनाच्या साथीत, ३१ मार्च २०२० रोजी ब्रिटनच्या बँकिंग नियंत्रकाने एचएसबीसी, बार्कलेज, लॉइड्स अशा मोठ्या बँकांना यंदा लाभांश देऊ नका, असं कळवलं आणि बँकांनी ते मान्य केलं. महिन्याभरात शेल या तेल कंपनीने आपला तिमाही लाभांश ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरची तिची ही पहिलीच कपात. ऑगस्टमध्ये बीपीनेही तो निम्मा केला. लाभांशाच्या रकमेवर घरखर्च भागवणाऱ्या निवृत्त माणसांसाठी ते वर्ष कठीण होतं.

त्याच वर्षी, याच धाटणीच्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या लंडनमधल्या एका फंडाने आदल्या वर्षीपेक्षा जास्त लाभांश वाटला. जून २०२० ला संपलेल्या वर्षासाठी शेअरमागे १९ पेन्स आणि पुढच्या वर्षी १९.१ पेन्स. ‘सिटी ऑफ लंडन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’ हे त्याचं नाव. १९६६ पासून त्याचा लाभांश दरवर्षी वाढत आला आहे. तेलसंकट, १९८७ ची पडझड, २००८ ची मंदी यांपैकी कशानेही तो क्रम मोडला नाही.

या फंडाचं मूळ मोठं गमतीदार आहे. १८६० मध्ये अप्पर टेम्स स्ट्रीटवरचा कॅल्व्हर्ट घराण्याचा बिअरचा कारखाना विकत घेण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली, तीच ही. १९३२ मध्ये ती गुंतवणुकीकडे वळली आणि १९६८ मध्ये उरलासुरला बिअरचा धंदा व्हिटब्रेडला विकून मोकळी झाली. १९९१ पासून जॉब कर्टिस या एकाच व्यवस्थापकाचा हात तिच्या कारभारावर आहे. मुख्यतः मोठ्या ब्रिटिश कंपन्यांचे शेअर, वर्षाचा खर्च ०.४ टक्क्यांहून कमी, दर तीन महिन्यांनी लाभांश. यात चमकदार असं काही नाही. मग कोरोनाच्या वर्षी जमलं कसं?

याचं श्रेय शेअर निवडण्याच्या कौशल्यापेक्षा फंडाच्या रचनेला जास्त आहे. ब्रिटनच्या नियमांनुसार इन्व्हेस्टमेंट ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नापैकी जास्तीत जास्त १५ टक्के मागे ठेवता येतात. बाकीचं वाटावं लागतं. सुगीच्या वर्षी कणगी भरायची आणि दुष्काळात तिला हात घालायचा, तसाच हा व्यवहार. मागे ठेवलेली रक्कम तिजोरीत पडून नसते, ती गुंतवणुकीतच असते; पण हिशेबात ती ‘राखीव उत्पन्न’ म्हणून वेगळी दिसते आणि अडचणीच्या वर्षी लाभांशाला पुरवता येते. सिटी ऑफ लंडनने कोरोनाकाळात नेमकं हेच केलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा फंड बंद मुदतीच्या योजनेसारखा आहे, फक्त त्याला मुदत नाही. त्याचे शेअर लंडन शेअर बाजारात खरेदी-विक्री होतात. बाहेर पडायचं असेल तर आपले शेअर दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकायचे. फंडाला त्यासाठी आपली एकही गुंतवणूक मोडावी लागत नाही.

हा फरक किती मोलाचा, ते नील वुडफर्ड यांच्या फंडाने दाखवून दिलं. वुडफर्ड हे तेव्हा ब्रिटनमधले नावाजलेले व्यवस्थापक होते. २०१४ मध्ये त्यांनी ‘इक्विटी इन्कम’ फंड काढला, आणि पुढच्या काही वर्षांत त्यात सुमारे १,००० कोटी पौंड जमले. तो मात्र खुला फंड होता, मागितले की पैसे परत देणारा. नावात उत्पन्न असलं, तरी त्यातला बराच पैसा लहान आणि बाजारात नोंदही नसलेल्या कंपन्यांत गेला. अशा कंपन्यांचे शेअर मनात येईल तेव्हा विकता येत नाहीत. कामगिरी घसरली, लोक पैसे काढू लागले, आणि केंट काउंटी कौन्सिल या स्थानिक प्रशासन संस्थेने सुमारे २६ कोटी पौंड परत मागितल्यावर ३ जून २०१९ रोजी फंडाचे दरवाजे बंद झाले. ते पुन्हा उघडलेच नाहीत. त्यात लाखो सामान्य माणसांची बचत अडकली. फंडाच्या नावावर विसंबून राहिलेल्या माणसांना ही किंमत मोजावी लागली, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

सिटी ऑफ लंडनची दुसरी बाजूही पाहायला हवी. वाढता लाभांश म्हणजे सुरक्षित मुद्दल नव्हे. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला, तेव्हा या ट्रस्टच्या शेअरचा भावही जोरात आपटला. शिवाय फंड थोडं कर्ज काढून गुंतवणूक करतो, त्यामुळे चढ आणि उतार दोन्ही थोडे तीव्र होतात. आणि महागाई? ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली होती. जून २०२३ ला संपलेल्या वर्षी लाभांश १९.६ वरून २०.१ पेन्स झाला, म्हणजे जेमतेम अडीच टक्के वाढ. आकडा वाढला, पण त्यात येणारा किराणा कमी झाला. सलग वाढीच्या विक्रमाचं कौतुक करताना ही गोष्ट बहुतेकदा सांगितली जात नाही, आणि ती सांगायला हवी.

भारतीय वाचकाला इथे आपल्याकडचे ‘डिव्हिडंड यील्ड’ फंड आठवतील. सेबीने २०१७ मध्ये त्यांची वेगळी वर्गवारी केली. लाभांश देणाऱ्या कंपन्यांवर भर आणि किमान ६५ टक्के पैसा शेअरमध्ये, अशी अट तेव्हा घातली. पण कंपन्यांकडून आलेला लाभांश फंड आपल्या हातात देईलच असं नाही. ‘ग्रोथ’ पर्याय घेतला असेल, तर तो फंडातच राहतो. वाटपाचा पर्याय घेतला, तरी मिळालेली रक्कम आपल्याच युनिटच्या मूल्यातून वजा होते: ५० रुपयांच्या युनिटवर २ रुपये वाटले की युनिट ४८ चं होतं. त्या २ रुपयांत आपल्याच भांडवलाचा भागही असू शकतो. म्हणूनच एप्रिल २०२१ पासून सेबीने या पर्यायाच्या नावातून ‘डिव्हिडंड’ काढायला लावलं आणि ‘उत्पन्न वाटप तथा भांडवल उचल’ अशा अर्थाचं लांबलचक नाव दिलं. एप्रिल २०२० पासून ही रक्कम गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात धरली जाते आणि त्याच्या कराच्या टप्प्यानुसार तिच्यावर कर लागतो. त्यामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्या २ रुपयांतले दीड रुपयाहून कमीच हाती लागतात.