‘मर्थ’ : एका शब्दाचा अर्थप्रवास

‘मर्थ’ या इंग्रजी शब्दासाठी आनंद, हर्ष, उल्हास असे मराठी प्रतिशब्द सहज सुचतात. परंतु यांपैकी कोणताही योजला तरी काहीतरी निसटतेच. ‘मर्थ’ म्हणजे हसण्याखिदळण्यातून, बहुधा चारचौघांच्या सहवासात, प्रकट होणारा आनंद. एकांतातील शांत समाधानाला हा शब्द लागू पडत नाही. म्हणून ‘हास्यविनोद’ हा प्रतिशब्द पुष्कळदा अधिक जवळचा ठरतो.

‘वॉर्म’वरून ‘वॉर्मथ’ झाले, त्याप्रमाणे ‘मर्थ’ हे ‘मेरी’ या विशेषणाचे भाववाचक नाम होय. जुन्या इंग्रजीत मात्र ‘मेरी’चा अर्थ ‘सुखद’ एवढाच होता. संगीतही ‘मेरी’ असू शके. हसण्याशी त्याचे नाते पुढे जडले. अर्थसंकोचाचे हे चांगले उदाहरण आहे.

‘मेरी’चे मूळ शोधताना अभ्यासक ‘आखूड, अल्पकालिक’ या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत पोहोचतात. लॅटिन ‘ब्रेविस’ (ज्यातून इंग्रजी ‘ब्रीफ’ आला) आणि ग्रीक ‘ब्राखुस’ ही त्याचीच भावंडे. ‘क्षणात’ या अर्थाचा संस्कृत ‘मुहुर्’ हा शब्दही अनेक अभ्यासक याच कुळात घालतात. ते मान्य केले, तर आपला ‘मुहूर्त’ हा ‘मर्थ’चा दूरचा नातलग ठरतो!

आखूडपणातून सुख कसे निघाले? ज्याच्या संगतीत काळ आखूड वाटतो ते सुखद, असा हा अर्थविस्तार असावा. जर्मन भाषेत त्याला समांतर उदाहरण आहे : करमणुकीसाठी ‘कुर्त्स्वाइल’, शब्दशः ‘आखूड वेळ’, आणि कंटाळ्यासाठी ‘लांगेवाइले’, म्हणजे ‘लांब वेळ’. मराठीत ‘करमत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हाही तक्रार न सरणाऱ्या वेळाचीच असते. येथे साम्य कल्पनेचे आहे, शब्दकुळाचे नव्हे. विद्यार्थ्यांची या दोहोंत नेहमी गल्लत होते.

अनुवादात या शब्दाची खरी कसोटी लागते. ईडिथ व्हार्टन यांच्या ‘द हाउस ऑफ मर्थ’ (1905) या कादंबरीचे शीर्षक बायबलमधील ‘उपदेशक’ या ग्रंथातून आले आहे. तेथे मूर्खांचे मन अशा घरात रमते, असा आशय आहे. कादंबरी आहे न्यूयॉर्कच्या धनिक समाजातून हळूहळू बाहेर फेकल्या जाणाऱ्या लिली बार्टची. शीर्षकासाठी ‘आनंदगृह’ म्हटले, तर त्यातील उपरोध पार मावळतो. ‘रंगमहाल’ म्हटले, तर तो उरतो, पण विलासाची नको तेवढी छटा सोबत येते.