टर्बोच्या गाडींतील दाबाचा सेन्सर व त्याच्या वायरींची परीक्षा

हेदवीहून आंब्याच्या पेट्या भरून निघालेल्या गाडीचा जोर कुंभार्ली घाटास लागतांच नाहींसा व्हावा व समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागावा, असा प्रसंग हंगामांत आला म्हणजे बागायतदार ‘टर्बो गेला’ असें समजून मोठ्या खर्चास तयार होतो. पुष्कळदां टर्बो धडधाकट असून दोष एखाद्या वायरींत असतो.

टर्बो हा बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरानें फिरणारा पंखा असून तो इंजिनांत जास्त हवा दाबून भरतो. तो दाब एक सेन्सर मोजतो व त्या मानानें ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, डिझेल सोडतो. सेन्सरची खबर असंभाव्य वाटली कीं संगणक इंजिनाच्या रक्षणार्थ डिझेलास आवर घालतो. जोर जातो तो असा.

प्रथम स्कॅनर लावून दोषांक वाचावा. पी०२३७ म्हणजे सेन्सरच्या सर्किटांत व्होल्टेज फार कमी, पी०२३८ म्हणजे फार जास्त. पी०२९९ असल्यास हवेचाच दाब अपुरा आहे. तेथें आधीं होज व क्लॅम्प पाहावे. दोषांक हा फेरफाराच्या नोंदीसारखा समजावा. नोंद एकाच्या नांवें आणि वहिवाट दुसऱ्याची, हें स्थळपाहणीवांचून कळत नाहीं.

नंतर किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करूं नये. टर्बो स्तब्ध असल्यानें सेन्सरनें बाहेरील हवेचाच दाब दाखविला पाहिजे. समुद्रकांठच्या हेदवीस तो सुमारें १०० किलोपास्कल भरतो; महाबळेश्वरीं ८६ च्या आसपास भरेल, तो दोष नव्हे.

आंकडा विसंगत असल्यास किल्ली बंद करून कनेक्टर काढावा. आपल्याकडे खाऱ्या हवेनें पिना हिरव्या पडतात, आणि गाडी मांगरांत उभी राहिली कीं उंदीर वायरी कुरतडतात. हीं दोन कारणें डोळ्यांनींच सांपडतात. न सांपडल्यास किल्ली पुन्हा फिरवून मल्टीमीटर घ्यावा. मुख्य वायरी तीन: ५ व्होल्ट पुरविणारी, अर्थिंगची व खबर नेणारी. पहिल्या दोहोंमध्यें ५ व्होल्ट न मिळाल्यास मीटरचें काळें टोक बॅटरीच्या ऋण टोकास लावून मोजावें. आतां मिळाले तर अर्थिंग तुटलें आहे. तरीही न मिळाले तर पुरवठ्याची वायर तुटली असेल, अथवा त्याच पुरवठ्यावरील दुसरा सेन्सर शॉर्ट झाला असेल. ते एकेक सोडवून पाहावे. खबरेची वायर मात्र बॅटरी व ईसीयू सोडवून ओहमवर तपासावी. दोन टोकांमध्यें रोध जवळजवळ शून्य असावा, व सांगाड्याशीं किंवा ५ व्होल्टच्या वायरीशीं जोड मुळींच नसावा. हें सर्व बिनदोष ठरल्यावरच सेन्सर बदलावा.

बल्बचा टेस्टर येथें वापरूं नये. त्याचा प्रवाह संगणकास सोसेलच असें नाहीं. आवरण सुईनें टोंचूंही नये, कारण त्या छिद्रांतून खारा दमटपणा शिरून तांबें आंतून कुजतें.

कुजलेली वायर चकचकीत तांबें लागेपर्यंत कापावी, त्याच जाडीचा तुकडा डाग देऊन जोडावा व आंत गोंद असलेली, उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी कोंकणचा पावसाळा काढीत नाहीं. जोड टर्बोच्या धगीपासून दूर बांधावा. मग दोषांक पुसून, इंजिन चालू ठेवून वायरी हलवाव्या. आंकडा उडी मारीत नसल्यास गाडींत चिऱ्यांचें ओझें घालून ती एखादा चढ चढवावी. आंब्याच्या पेट्या त्यानंतर भराव्या.