पन्नास सह्यांचा प्रश्न

भडगावसारख्या तालुक्याच्या गावात नागरिकांच्या मंडळाला प्रश्नांचा तुटवडा कधी पडत नाही. गिरणेचं आवर्तन वेळेवर सुटावं, नदीतली वाळू रात्रीतून उचलली जाऊ नये, कजगाव स्थानकावर आणखी गाड्या थांबाव्यात, कापूस खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडावं, खेड्यावरची मुक्कामी एसटी पुन्हा सुरू व्हावी. बैठकीला पंधरा माणसं जमली तर पंचवीस विषय निघतात. आणि मंडळाकडे असतं काय? महिन्यातल्या दोन संध्याकाळी, चांगल्या अक्षराचे एक निवृत्त गुरुजी, एखादा वकील आणि तहसील कचेरीत कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो हे ठाऊक असलेले दोघे-तिघे. एवढ्या भांडवलावर वर्षाला एखाददुसरा विषय तडीस जातो. बाकीचे सोडावे लागतात. कोणते सोडायचे, हे कसं ठरतं? मी अशा बैठकांना बरीच वर्षं बसत आलो आहे आणि माझं कुतूहल मंडळाने केलेल्या कामांपेक्षा त्याने बाजूला ठेवलेल्या कामांविषयी अधिक आहे.

वरवर पाहता निवड सोपी असते. ज्या विषयाला कोणाचाच विरोध नाही तो आधी येतो. रक्तदान, वृक्षारोपण, गुणवंतांचा सत्कार. यांत वावगं काही नाही. रक्ताची बाटली कोणाच्या तरी कामी येतेच. पण वाळूचा विषय निघाला की बैठकीतला आवाज खाली येतो, कारण ट्रॅक्टर कोणाचा, तो चालवतो कोण, आणि त्या पैशावर कोणाच्या मुलीचं लग्न झालं, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मग कोणीतरी नाना म्हणतात, ‘हा विषय मोठा आहे, पुढच्या बैठकीत सविस्तर घेऊ.’ पुढच्या बैठकीत तो सविस्तर घेतला जात नाही.

धैर्य कमी पडलं, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. मला ते कारण अपुरं वाटतं. मंडळ बोलतं ते कोणाच्या वतीने, हे ठरलेलं नसलं की विषयाची निवड आपोआपच बैठकीत बसलेल्या पंधरा जणांच्या सोयीवर येते. हा पेच नवा नाही आणि त्यावर एक विलक्षण उपाय महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिलेला आहे.

पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिच्या मुळाशी होता पर्वती देवस्थानचा कारभार. तो नीट चालत नाही, अशी पुणेकरांची तक्रार होती. विषय स्थानिक, जवळजवळ मोहल्ल्यातला म्हणावा असा. पण गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, वकील होते आणि वकिलाला वकीलपत्राशिवाय उभं राहता येत नाही. सभेने तोच नियम स्वतःला लावला. सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. पहिल्या खेपेला ९५ सभासद निवडले गेले आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर माणसं उभी होती. मतदानाचा हक्क ही गोष्ट या देशात सामान्य माणसाने ऐकलीही नव्हती, त्या काळातली ही व्यवस्था आहे.

या नियमाने काय साधलं? आधी माणूस बांधला गेला, विषय नंतर आला. पन्नास जणांची सही घेऊन आलेल्या सभासदाला त्या पन्नास जणांत कुळं, बलुतेदार, दुकानदार कोण आहेत हे ठाऊक असणारच. सभेचे विषय पर्वतीवरून झपाट्याने शेतसाऱ्याकडे आणि शेतकऱ्यांच्या हलाखीकडे वळले. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले, त्यानंतर या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने आपली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. १८७८ पासून तिचं त्रैमासिक निघू लागलं. मधल्या १८७२ साली गिरणेच्या पुराने आमच्या भडगावातली घरंच्या घरं नेली होती. तेव्हा इथल्या लोकांच्या वतीने अर्ज कोणी लिहिला असेल, हा विचार मनात येतो खरा.

मुखत्यारपत्र हा काही रामबाण नव्हे. पन्नास सह्या गोळा करू शकणारा माणूस बहुधा शिकलेला, प्रतिष्ठित, पुरुष आणि वरच्या जातीचाच असायचा. शिवाय मंडळ कोणाचं, हा वाद पुढे व्हायचा तो झालाच. १८९५ मध्ये सभेची सूत्रं टिळकांच्या बाजूच्या लोकांकडे गेली आणि रानडे-गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा वेगळी काढली. त्या वर्षीच्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सांगितलं, की पीक बुडालं तर सारा माफ किंवा तहकूब करण्याची तरतूद सरकारच्याच दुष्काळ संहितेत आहे. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचाच कायदा लोकांना वाचून दाखवण्याची ही किंमत! विषय निवडताना किंमत कोण मोजणार, हेही ठरलेलं असावं लागतं.

आज आमच्याकडे क्रम नेमका उलटा आहे. निवेदन आधी टाइप होतं, मग त्यावर सह्या घेतल्या जातात. सही करणाऱ्याला मजकुरात बदल सुचवण्याची सोय नसते. याचा परिणाम पाहायचा तर गिरणेच्या पाण्याचंच उदाहरण घ्यावं लागतं.

गिरणा धरण आमच्यापासून बरंच वर, नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात. क्षमता साडेअठरा टीएमसी. मालेगावपासून जळगावपर्यंतच्या गावांची तहान आणि शेती त्यावर अवलंबून. धरणातून सुटलेलं पाणी नदीच्या पात्रातून चाळीसगाव तालुक्यातल्या ब्रिटिशकालीन जामदा बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून डावा आणि उजवा असे कालवे निघतात. उरलेलं पात्रातून पुढे जातं. ‘गिरणेचं पाणी सोडा’ ही घोषणा म्हणून सगळ्यांची. पण कालव्यावरच्या शेतकऱ्याला पाणी कालव्यात हवं असतं, गहू-हरभऱ्यासाठी. नदीकाठच्या गावाला ते पात्रात हवं असतं, कारण गावाची पाणीपुरवठ्याची विहीर पात्राच्या कडेला आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला पाणी मिळतंच. शेपटाकडचा चारीकडे बघत बसतो. म्हणजे एका घोषणेत निदान तीन मागण्या आहेत आणि पाणी कमी असलं की त्या एकमेकींच्या विरोधात जातात. मंडळात तोंडाकडचे लोक जास्त असतील तर निवेदन त्यांच्या मागणीचं होतं. त्यात कोणाचा कावा असतो असं नाही. गैरहजर माणसाचा विषय गैरहजर राहतो, एवढंच. गिरणेवर सात ठिकाणी बलून बंधारे व्हावेत या जुन्या मागणीवर मात्र सगळ्यांचं एकमत दिसतं. पहिला बंधारा कुठे बांधायचा, ही चर्चा सुरू होईपर्यंत ते टिकेल.

गैरहजर माणसाला हजर करण्याची युक्ती आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात होती. पांझरेच्या काठची फड पद्धत अभ्यासकांनी पुष्कळ वाखाणली आहे, तिच्यातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही: बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी पडलं तर पंच एखादा फड कोरडा ठेवत. त्या फडात प्रत्येकाचाच तुकडा असल्यामुळे तोटा सगळ्यांचा. ‘कोणता विषय सोडायचा’ हे ठरवणाऱ्यांच्याही अंगाला ते ठरवणं लागत असे. वर धरणं झाली, शेतोशेती विहिरी झाल्या आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. पण पाणीवापर संस्थांसाठी २००५ मध्ये महाराष्ट्राने जो कायदा केला, त्यात व्यवस्थापन समितीवर तोंडाकडचे, मधले आणि शेपटाकडचे असे तिन्ही भागांतले प्रतिनिधी असावेत, ही तरतूद आहे. कायदा लिहिणाऱ्याला कालवा ठाऊक होता.

मंडळ म्हणजे काही पाणीवापर संस्था नव्हे, पण त्याच्याही तालुक्याला तोंड आणि शेपूट असतंच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आणखी एक गोष्ट करून दाखवली आहे. तिथे अभ्यास करणारा गट वेगळा आणि निर्णय करणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा माणूसही बसू शकतो, कितीही बोलू शकतो. निर्णय मात्र गावकरी सर्वसहमतीने करतात. आमच्याकडे चांगलं बोलणाराच निर्णय करून टाकतो. वकिलाने मांडलेला विषय वकिलाच्याच आवाजात मंजूर होतो.

अलीकडे काही जणांनी एक साधा प्रयोग सुरू केला आहे. निवेदन न लिहिता कोरा कागद घेऊन नदीकाठच्या वस्त्यांवर जायचं, विषय लोकांनी सांगायचा, आपण लिहून घ्यायचा आणि खाली त्यांची सही किंवा अंगठा. मीही दोन-तीनदा गेलो. एका आजीबाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि अहिराणीत विचारलं, ‘भाऊ, सही करसू, पन तू परत येशी का?’ सार्वजनिक काकांना हा प्रश्न कोणी विचारला होता की नाही, ठाऊक नाही. त्यांच्या नियमात तो गृहीत धरलेला होता.

या फेऱ्यांत वाळूचा विषय आम्हाला काढावा लागला नाही. तो बायकांनी काढला. वाळू गेली की पात्रात पाणी धरत नाही, पात्रात धरलं नाही की विहीर लवकर आटते, आणि विहीर आटली की हंडा त्यांनाच लांबून आणावा लागतो. ही साखळी त्यांनी कुठल्याही अहवालाशिवाय सांगितली. ट्रॅक्टर कोणाचे, हेही सांगितलं, ते आम्ही लिहिलं नाही. त्या कागदावर आता पुरुषांच्या सह्या हव्या आहेत. बैठक येत्या पौर्णिमेनंतर आहे आणि या वेळी ती गावातल्या नेहमीच्या जागी न घेता नदीकाठी घ्यावी, असं सुचवलं गेलं आहे.