गाडीच्या तळाचा गंज : लेप द्यावा की न द्यावा ?

गव्हाच्या पानावर तांबेरा पडला की तो शेतकऱ्याच्या नजरेस ताबडतोब येतो. कारण शेतात उभे राहिले म्हणजे पान डोळ्यांसमोरच असते. लोखंडावरील गंजाचे तसे नाही. तो ट्रॉलीच्या तळाशी, जीपच्या मडगार्डच्या आत आणि पिकअपच्या चासीच्या पोकळीत वाढतो. तेथे वाकून पाहण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पत्र्यास भोक पडल्यावर अथवा ब्रेकच्या नळीतून तेल ठिबकू लागल्यावर मालकास त्याची जाणीव होते, आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

गाडी नवी घेतली की विकणारा ‘तळास गंजरोधक लेप देऊ का’ असे विचारतो. हा खर्च करावा की टाळावा, याचे उत्तर सर्व जिल्ह्यांस एकच नाही. ते समजण्यासाठी गंज कसा धरतो हे प्रथम पाहिले पाहिजे.

लोखंड, प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आल्याखेरीज गंज धरत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर स्वच्छ लोखंड फारच सावकाश गंजते. मिठाचा अंश आला की मात्र चित्र पालटते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीस जसे पाणी सुटते, तसेच पत्र्यावर बसलेले खारे कण हवेतील ओल ओढून घेतात व लोखंड सतत दमट ठेवतात. थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरतात. ते चाकांनी उडून तळास बसते व थोड्याच वर्षांत गाडी खाते. तळास लेप देण्याची चाल तेथे रूढ झाली ती याच कारणाने. आपल्याकडे रस्त्यावर कोणी मीठ टाकीत नाही. तेव्हा तेथील सल्ला जसाच्या तसा उचलणे बरोबर नव्हे. परंतु उष्ण देशात गंजाची भीतीच नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे होय.

सोलापूरकडे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वर्षाचा पुष्कळ काळ हवा कोरडी असते. रत्नागिरीस ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, चार महिने भिजट हवा आणि त्यात समुद्राचा खारा वारा. समुद्रापासून जसजसे आत जावे तसतसे हवेतील खारे कण झपाट्याने कमी होतात. म्हणून एकाच तालुक्यात बंदरावरची गाडी आणि घाटाच्या पायथ्याची गाडी यांत मोठा फरक पडतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार मध्यम हवेत उघडे पोलाद पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन झिजते. अतितीव्र गंजकारक हवेत हेच प्रमाण ८० ते २०० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीचा पत्रा साधारणपणे ०.८ मिलिमीटर, म्हणजे ८०० मायक्रॉन जाडीचा धरला, तर रंग उडालेला पत्रा वाईट जागी याच गतीने ४ ते १० वर्षांत आरपार जाईल. मोकळ्या सपाट पत्र्यावर ही गती पुढे मंदावते. पण चिखल साचलेल्या कोपऱ्यात ती मंदावेलच अशी खात्री धरता येत नाही.

पाऊस हाच गाडीचा शत्रू, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः उघड्या भागावरील खारे कण पाऊस धुऊन नेतो. तळ आडोशाला असतो. तेथे खारी ओल पोहोचते. धुणारा पाऊस मात्र पोहोचत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, याचा दाखला या बाबतीत नेहमी दिला जातो. परंतु त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर रक्षक पापुद्रा धरला आहे, आणि दिल्लीची हवाही वर्षातील पुष्कळ महिने कोरडी असते. ट्रॉलीच्या पत्र्याने त्या स्तंभाची बरोबरी करावी ही अपेक्षा व्यर्थ होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अलीकडच्या मोटारीचा सांगाडा कारखान्यातच रोगणाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर थर चढवितात. १९७० नंतरच्या दशकात ही पद्धत जगभर रूढ होत गेली. पुष्कळ गाड्यांचा काही पत्रा जस्ताचा मुलामा दिलेलाही असतो. यास्तव विदर्भ, मराठवाडा अथवा देशावरील कोरड्या भागात नव्या मोटारीस निराळा लेप देण्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण दिसत नाही. किनाऱ्यालगत, विशेषतः मासळी वाहणाऱ्या गाडीस, लेप अवश्य द्यावा. मासळीच्या पेट्यांतून गळणारे बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चासीवर उतरते. ते समुद्राच्या वाऱ्याहूनही वाईट.

परंतु ज्या वाहनास लेपाची सर्वांत अधिक गरज असते, त्याचा विचार कोणीच करीत नाही. ते वाहन म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. ती पुष्कळदा तालुक्याच्या वर्कशॉपात बांधलेली असते. रोगणाचा हौद तेथे नसतो. वेल्डिंगच्या सांध्यावर, म्हणजे जेथे मूळ रंग जळून गेलेला असतो तेथे, रंगाचा एखादा पातळ हात फिरविला की काम संपते. तिच्यातून खते नेली जातात. अमोनियम सल्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश ही दोन्ही खते लोखंडास मिठासारखीच बाधतात आणि फाटक्या पोत्यातील दाणे तळपत्र्याखाली जाऊन बसतात. मोरचुदाचे पाणी सांडले तर आणखी वाईट. एक टक्का बोर्डो मिश्रण करताना १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना घेतात आणि त्यात सुरी बुडवून पाहतात. सुरीवर तांबूस थर आला तर चुना वाढवितात, हे आंबा व सुपारीच्या बागाईतदारांस ठाऊक आहे. सुरीवर तांबे बसते तेव्हा तितकेच लोखंड विरघळून जाते. ट्रॉलीच्या पत्र्यावर नेमके हेच घडते. ओझ्याने भरलेल्या ट्रॉलीची जोडणीची दांडी सांध्यात कुजून चढावर तुटली, तर मागून येणाऱ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून ट्रॉलीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

लेप दोन जातींचे मिळतात. डांबर व रबराचा जाड लेप खडी-गोट्यांचा मारा सहन करतो. पण त्यास चीर गेली की पाणी आत शिरून तेथेच कोंडते, आणि वरून काळाभोर, धडधाकट दिसणाऱ्या लेपाखाली पत्रा सडत राहतो. जुन्या गंजावर असा लेप चढविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. मेणाचा किंवा लोकरीच्या मेणाचा पातळ लेप सांध्यांत झिरपतो व पोकळ्यांतही पोहोचतो. मात्र तो दरवर्षी पाहून जेथे गेला असेल तेथे पुन्हा द्यावा लागतो. किनाऱ्यावर हाच दुसरा प्रकार अधिक उपयुक्त.

जळके ऑईल तळास फासण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. तो सोडावा. त्या तेलात आम्ल व धातूंचा कचरा असतो, त्याने रबरी नळ्या फुगतात, आणि ठिबकलेले तेल जमिनीत व विहिरीच्या पाण्यात उतरते.

लेप देण्यास मे महिन्याचा पूर्वार्ध उत्तम. मृग लागण्यापूर्वी काम संपावे. तळ गोड्या पाण्याने धुवावा. खाडीलगतच्या मचूळ विहिरीचे पाणी वापरल्यास धुण्याचा हेतूच फसतो. दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्यावा. सुटा गंज तारेच्या ब्रशाने खरवडावा व उरलेल्यावर गंज बदलणारे द्रावण लावावे. हिरड्याच्या काढ्यात लोखंड काळे पडते ते टॅनिनमुळे, आणि अशा काही द्रावणांत हेच टॅनिन असते. त्यावर प्रायमर, मग लेप. ब्रेकची चकती, सायलेन्सर व रबरी भाग यांस लेप लागू देऊ नये. खाली शिरताना गाडी केवळ जॅकवर ठेवू नये. भक्कम लाकडी ओंडके लावावेत.

लेप आटोपल्यावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. दरवाजांच्या व चासीच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी मुद्दाम ठेवलेली लहान भोके असतात. लेप देणाऱ्याच्या घाईत ती बुजतात आणि आत शिरलेले पाणी पुढचा सबंध पावसाळा तेथेच राहते. बारीक काडीने प्रत्येक भोक मोकळे करून घ्यावे, आणि मगच गाडी ताब्यात घ्यावी.